बावीस गाठी

खोरवाडी, ता. इंदापूर
१४ जून १९९६

नागेश,

‘चिरंजीव’ लिहायला हात गेला हुता, मागं घेतला. आशीर्वाद पायजेच असंल तर माझ्या जुन्या पत्रांतला काढून वापर. तितं लई शिल्लक असतील.

तू कोकणात गेलास हे मला तुझ्याकडनं कळलं न्हाय. जळोचीला तुझ्या खोलीवर गेले तर दाराला कुलूप. घरमालकीण कुशाबाई म्हणाल्या, “अहो, तुमचा भाऊ गेला की रत्नागिरीकडं. मोठी जागा मिळाली त्याला. समुद्रातल्या माशांला पट्ट्या लावून ते कुठं फिरतात ते बघायचं, आन त्यावरनं दर्या कुठं राखायचा ते ठरवायचं. तुमाला सांगितलं न्हाय व्हय?” मी म्हणलं, “सांगितलंय की, माझ्याच ध्यानातनं गेलं.” तुझ्यासाठी परक्या बाईपुढं खोटं बोलले. ते काय पयलं न्हवतं म्हणा. पत्ता त्यांच्याकडनंच आणला.

आता कशाला लिहितेय ते ऐक. परवा दोन माणसं जीप घेऊन आली आन आपल्या बोरीच्या मळ्यात बोर्ड रोवून गेली. धरणाचं पाणी उतरलंय, मळ्याचा बांध उघडा पडलाय, विहिरीचं तोंड दिसाय लागलंय. त्या आमच्याच बांधावर, आमच्याच मातीत, खड्डा काढून बोर्ड उभा केला. ‘मत्स्य राखीव क्षेत्र. मासेमारीस सक्त मनाई.’ प्रतिक्षानं मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरीला वाटलं, शाळेत वाचतो तसं नीट वाचलं म्हणून आई शाबासकी दिल. मी तिच्यावर खेकसले.

त्यांच्या हातात नकाशा हुता. मला लांबनंच ओळखू आला. धरणात गेलेल्या रानाचं नाव आमच्या घराबाहेर कुणाला ठावं हाय? सातबारा बुडून सतरा-अठरा वर्सं झाली. त्या नकाशावर सुबक अक्षरात ‘बोरीचा मळा’ लिहिलेलं, ‘ळ’ला तुझी ती शेपटी. पाटीवर तो ‘ळ’ तुला मी गिरवून घेतला हुता, नागेश.

माझ्या सासऱ्याला, आपल्या बिरदेव आबाला, तू ओळखतोस. जीपवाल्यांना आबांनी गूळ-पाणी दिलं. मग विचारलं, “कवापातूर?” एक जण म्हणाला, “सध्या दिवाळीपर्यंत. दिवाळीत इंदापूरला सुनावणी होईल, मग कायमचं ठरंल.” आबा “बरं” म्हणाले आन मासे धरायच्या काहिलीत बसून तिचा तळ चाचपत राहिले.

तुझ्या वहीत लिहून घे, नसंल लिहिलं तर. आबाला पाणी येत न्हाय. आबाला रान येतं. गुळाच्या जुन्या काहिलीत बसून हा म्हातारा मासे धरतो तो पाण्याच्या हुशारीवर न्हाय. खाली विहीर कुठं हाय, बांध कुठं वळतो, बोरीची बुंधं कुठं राहिली, ते त्याला डोळं झाकून ठावं हाय, म्हणून. मळ्याच्या बाहेर गेला की आबा आंधळा. बाकीचं सगळं पाणी दुसऱ्या वाड्यांच्या जाळ्यांनी वाटून घेतलेलं. आन मधल्या लाटंत काहील गेली तर माणूस माघारी येत न्हाय.

म्हणजे मळा बंद म्हणजे आमचं सगळंच बंद. एवढं तुला कळतंय, तू शिकलेला हाईस.

एक पत्र लिही तुझ्या वरच्या सायबाला. सुनावणीच्या आधी. लिही की नकाशा चुकलाय, परत बघा. बाकी मी काय मागत न्हाय.

आक्का


२ ऑगस्ट १९९६

नागेशराव सायेब,

दीड महिना झाला. कोकणात पोस्टमन नसतील, किंवा पुरात वाहून गेले असतील. माझ्या मनात यापेक्षा वाईट येऊ नये म्हणून असं म्हणतेय.

तुला आठवत नसंल तर आठवण करून देते. मागच्या साली उन्हाळ्यात तू आलास, संगं पिशवीभर पिवळ्या पट्ट्या. बोटाएवढी प्लास्टिकची पट्टी, वर आकडा. मासा धरायचा, पाठीच्या पराजवळ ती टोचायची आन परत सोडून द्यायचा. पुढं ज्याच्या जाळ्यात तो घावंल त्यानं पट्टी आन जागा कळवायची, बदल्यात स्टीलचा पेला. तू अंगणात बसून सगळ्यांना समजावून सांगितलंस. “मासा कुठनं कुठं जातो ते कळलं की त्याची विणीची जागा कळंल. तेवढी जागा राखली की सगळ्या धरणात मासा वाढंल. यात तुमचंच भलं हाय.” बोललास झकास. मला वाटलं, माझं दूध पिऊन न्हाय पण माझ्या हातचं खाऊन वाढलेलं पोर काय बोलतंय! आई गेली तवा तू अडीच वर्सांचा हुतास. मी सातवीतनं शाळा सोडली, तुला कडंवर घेतलं.

लोक मान हलवून उठून गेले. आबा एकटेच बसून राहिले. त्यांनी पट्टी हातात घेतली, उलटी-सुलटी केली आन विचारलं, “ही खूण व्हय?” तू म्हणालास, “व्हय आबा, खूणच.” झालं! तितं आबाचं ठरलं.

तू शेळगावात वाढलास, बाप शेतीवाला झालेला, त्यामुळं तुला मेंढक्यांचं सगळं ठावं नसंल. आबाची अर्धी हयात मेंढरांमागं गेली. घराघराची कानाची खूण येगळी. वाटंत दुसऱ्याच्या खुणंचं चुकार मेंढरू आपल्या कळपात शिरलं तर ते कातरायचं न्हाय, कापायचं न्हाय, विकायचं न्हाय. मालक गाठून सांगायचं, तुझं जनावर माझ्याकडं हाय, अमक्या जागी मिळालं. आन जागा खरी सांगायची. का? एक जनावर सापडलं तिथंच आसपास त्याचे बाकीचेबी चुकलेले असतात. जागा खोटी सांगितली तर मालक भलत्याच माळावर हिंडतो, आन त्याचा कळप लांडग्याच्या तोंडी जातो. बदल्यात काय घ्यायचं न्हाय, पाणीसुदीक न्हाय.

म्हणून आबांनी प्रत्येक पट्टी दिली, प्रत्येक जागा खरी सांगितली आन एकबी पेला घेतला न्हाय. सांगायचे आबा, लिहायची मी. “विहिरीच्या उगवतीला. लिही, भामा. उगवतीला लिहिलंस का?” कुठं चूक नगं म्हणून मला परत वाचायला लावायचे.

आन बाकीचे? भिगवणच्या बाजारात मासे विकणारी साखरबाई मला हसली. “अगं, जाळ्याची जागा आमच्यात मरताना पोटच्या पोराला सांगत्यात. आन तुझा भाऊ पेल्यासाठी इचारतोय!” तिच्या वाडीनं सगळ्या पट्ट्यांची जागा एकच सांगितली, ‘धरणाच्या मध्यावर’. मी त्यांना नावं ठेवत न्हाय. मेंढक्याचा कायदा येगळा, जाळंवाल्याचा येगळा. त्यांनी त्यांचा पाळला. पण हे मी तुला तवाच सांगितलं हुतं, गणपतीत तू आलास तवा, चुलीपुढं बसून. तू म्हणालास, “असू दे आक्का, काहीतरी जुळवता येईल.”

जुळवलंस. खरं बोलणाऱ्याचं पाणी राखीव झालं आन बाकीच्यांचं मोकळं राहिलं.

आजून एक ऐक. गेल्या पंधरवड्यात ओढ्याला पूर आला तवा चढणीचे मासे चढले. कुठं चढले? बोरीच्या मळ्याकडं न्हाय. पल्याडच्या वाडीच्या ओढ्यात. अंड्यांनी पोट फुगलेले कटले, गुडघाभर पाण्यात, माणसं काठ्यांनी मारत हुती. सर्जेराव बघून आले. तुझे दाजी कवा बोलत न्हाईत, त्या दिवशी जेवताना म्हणाले, “तुझ्या भावानं रिकाम्या घराला कुलूप लावलंय, आन भरल्या घराचं दार उघडं टाकलंय.”

म्हणजे माशाचंबी भलं झालं न्हाय. आबाचंबी न्हाय. तुझं तेवढं झालं.

काहील पालथी टाकलीय. आबा दिवसभर वसरीला बसतात. जुनी सवय, कंबरेला लोकरीचा दोरा असतो, त्याच्या गाठींवरनं बोट फिरवत असतात. कसल्या गाठी म्हणून विचारलं तर “हाय आपलं” म्हणतात.

पत्र लिही सायबाला. दिवाळीला येळ हाय आजून.

आक्का


९ सप्टेंबर १९९६

नागेश,

आलं तुझं पत्र. आंतरदेशीय, तेबी अर्धं कोरं. मी ते चारदा वाचलं. तू लिहितोस, “सर्वांत जास्त नोंदी बोरीच्या मळ्याच्या आहेत. आकडे आकडे असतात. मी आता त्या कामावर नाही, मला काही करता येणार नाही.” एवढ्यावर थांबला असतास तर मी एवढंच म्हणाले असते की भाऊ भित्रा निघाला. पण खाली लिहिलंयस, “जुन्या गोष्टी उकरून काढू नकोस आक्का, त्यात तुझंही नाव येईल.”

व्वा रे पठ्ठ्या! म्हणजे तुला ठावं हुतं.

मी इतके दिवस स्वतःला समजावत हुते की त्याला ठावं नसंल. त्यानं सरळ मनानं घेतल्या असतील. आता तूच लिहून दिलंस, तर मीबी लिहून टाकते, पयल्यांदा आन शेवटचं.

मागच्या साली दसऱ्याला तू तोंड पाडून आलास. म्हणालास, “आक्का, पट्ट्या फार कमी आल्या. ज्या आल्यात त्यांना जागा धड न्हाय. जागा नसंल तर पट्टी फुकट. असंच राहिलं तर दिवाळीनंतर माझं काम बंद करतील.” रात्री जेवला न्हाईस. ते मला बघवलं न्हाय. मी दर बाजारी भिगवणला जायचे. तितं बायका मासे साफ करताना पट्ट्या कापून गटारात टाकायच्या, कुणाला नसती उठाठेव नगं म्हणून. त्या मी येचल्या. धुतल्या, पदराच्या गाठीला बांधल्या. एकोणीस झाल्या. मासा कुठं धरला म्हणून विचारलं तर एकीनंबी सांगितलं न्हाय.

मग मी घरी बसून चिठ्ठ्या लिहिल्या. एकोणीस. जागा काय लिहायची? मला धरणातली दुसरी जागाच ठावी न्हवती. लिहिलं ‘बोरीचा मळा’. खोटं कशाला बोलू, लिहिताना बरं वाटलं. सातबारा बुडाला, नाव बुडालं, गावात आता कुणी ते नाव घेत न्हाय. म्हणलं, सरकारी कागदावर आपल्या रानाचं नाव चार येळा जास्त गेलं तर कुणाचं काय बिघडतंय? भावाची नोकरी वाचंल, रानाचं नाव राहील. अशी मी शहाणी!

भाऊबीजेला जळोचीला आले. तुला ओवाळलं. भाऊ ताटात घालतो, पण त्या साली मी तुझ्या हातात पुडकं ठेवलं. तू उघडलंस. चिठ्ठ्या चाळल्यास. सगळ्या एकाच शाईच्या, एकाच अक्षराच्या. आबाच्या चिठ्ठीत ‘विहिरीच्या उगवतीला, बांधापासनं दहा हात’ असायचं. ह्यांत नुसतं ‘बोरीचा मळा’. तुझ्यासारख्याला कळलं न्हाय असं कसं हुईल? तू मान वर करून विचारलंस, “सगळ्या मळ्यातल्याच?” मी म्हणलं, “व्हय.” तू माझ्याकडं बघितलंस. मी निरांजनाची वात सारखी करत हुते. मग तू पुडकं पिशवीत घातलंस आन म्हणालास, “आक्का, करंजी दे की आजून एक.”

तर माझं नाव येईल, व्हय? येऊ दे. चार वर्सं बारामतीच्या कॉलेजात हुतास तवा दर आठवड्याला इंदापूरच्या एसटीनं डबा धाडायचे, कंडक्टरच्या हातापाया पडून. त्या डब्यात बोरीच्या मळ्याचा कटला असायचा. आबा मोठा तुकडा बाजूला काढायचे, “हा पोराला.” तुझ्या हाडात तो मळा हाय. आन तू मला भीती घालतोस!

सुनावणीत मी उभी राहणार. एकोणीस चिठ्ठ्या माझ्या, खोट्या, असं सगळ्यांपुढं सांगणार. तुझं काय व्हायचं ते हुईल. आधी तू सांगितलंस तर तुझी लाज राहील, मी सांगितलं तर राहणार न्हाय. दोन महिने हाईत तुझ्याकडं.

भामाबाई


१४ नोव्हेंबर १९९६

नागेश,

भाऊबीज परवा झाली. ताट केलं न्हाय. प्रतिक्षानं विचारलं, “मामा येणार न्हाय?” सर्जेराव म्हणाले, “मामाला समुद्र सोडत न्हाय.”

काल सुनावणी झाली. तुझं पत्र आलं न्हवतं. मी सायबाला तोंडावर विचारलं, “कोकणातनं काय कागुद आलाय का?” तो म्हणाला, “कसला कागद?” तवाच मला कळलं की आता माझ्यावरच हाय.

आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला. एसटीत बसलो. मी मनातल्या मनात घोकत हुते, कसं उभं राहायचं, काय म्हणायचं. आबाला आधी सांगावं असं दहादा वाटलं. न्हाय सांगितलं. म्हणलं, एकदाच सगळ्यांपुढं सांगीन, त्यांच्या तोंडाकडं दोनदा बघायला नगं.

मोठी खोली हुती. साखरबाईच्या वाडीची माणसं मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसलेली. त्यांचं पाणी मोकळंच राहणार हुतं, त्यांना बोलायचं कारण न्हवतं. सायबानं कागुद काढला, गावं वाचली, आकडे वाचले. “बोरीचा मळा, एक्केचाळीस.”

आबांनी कानामागं हात धरला. “किती म्हणालात सायेब?”

“एक्केचाळीस.”

आबांचा हात कंबरेला गेला, धोतराच्या निऱ्यांपाशी. मला वाटलं, तपकिरीची डबी काढतात. मग तो हात तसाच राहिला.

सायबानं चिठ्ठ्यांचा गठ्ठा वर धरला. “बाबा, या सगळ्या चिठ्ठ्या तुमच्या घरच्या?”

“व्हय.”

“यांत खोटी कुठली न्हाय ना? असंल तर आत्ताच सांगा. एकदा हद्द ठरली की बदलायची न्हाय.”

मी अर्धी उठले. खरंच उठले, नागेश. तोंड उघडलं. तेवढ्यात आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, चांगला दाबून, आन त्याच हातावर भार देऊन ते उभे राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्याला उठायला आधार पायजे. मी खाली बसले.

आबा म्हणाले, “सायेब, माझ्या घरनं गेलेली चिठ्ठी खोटी न्हाय.”

“मग प्रश्नच मिटला,” सायेब म्हणाला आन त्यानं सही केली. बोर्ड आता कायमचा झाला. बाराही महिने.

मी बोलायला पायजे हुतं. मला ठावं हाय. पण आबांनी सगळ्या तालुक्यापुढं आपल्या घराचा सबूद दिला, आन तो सबूद मी, त्यांची सून, तितल्या तितं खोटा पाडणार? जिनं पंधरा वर्सं त्यांच्या हातचं खाल्लं? मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. मला वाटलं, साखरबाईच असणार, तिनं मला पट्ट्या येचताना बघितलं हुतं. तिनंबी सांगितलं न्हाय. जाळंवाल्यांनी तोंड बंद ठेवायचं म्हणलं की शेवटपातूर ठेवतात.

घरी आल्यावर आबा एवढंच म्हणाले, “चुलीवर पाणी ठेव, पाय दुखतात.”

मी भित्री निघाले. तुला भित्रा म्हणाले हुते, ते माघारी घेते. आपण दोघं एकाच आईची.

आक्का


२० जानेवारी १९९७

नागेश,

हे शेवटचं. यापुढं तुझ्या पत्त्यावर माझं अक्षर येणार न्हाय.

सर्जेराव बारामतीला एका गोडावनवर हमालीला लागलेत, आठवड्यानं येतात. काहील संक्रांतीला एक गुऱ्हाळवाला घेऊन गेला, कडंचं दोरीचं भोक बुजवून परत रस शिजवणार म्हणाला. आबांनी ती स्वतः घासून दिली. गाडीत चढवताना तिच्यावर थापटी मारली, मेंढरू विकताना मारतात तशी.

काहील गेली त्या दुपारी आबा वसरीला बसले हुते. मला हाक मारली. कंबरेचा तो लोकरीचा दोरा सोडला आन माझ्या हातात दिला. “हा चुलीत घाल, भामा. आता त्याचं काम न्हाय.”

मी सहज गाठी मोजल्या. बावीस. परत मोजल्या. बावीसच.

मला आधी कळलंच न्हाय. मग कळलं. प्रत्येक पट्टीला आबांनी एक गाठ मारली हुती. मेंढक्याचा हिशेब. दुसऱ्याचं जनावर किती आलं आन किती माघारी दिलं, ते त्याच्या दोऱ्यावर असतं. बावीस आन माझ्या एकोणीस. एक्केचाळीस.

मी म्हणलं, “आबा, सायबानं आकडा वाचला तवाच तुमाला कळलं.”

“कळलं की. मेंढक्याला आपला आकडा कळत न्हाय व्हय?”

“मग बोलला का न्हाईत? तुमी नुसतं बावीस म्हणाला असता तर मळा वाचला असता.”

आबांनी मळ्याकडं बघितलं. पाणी भरलंय, बांध दिसत न्हाय, बोर्डाचं डोस्कं तेवढं वर हाय. मग म्हणाले, “मळा एकदा गेलाच हुता पोरी. बावीस म्हणालो असतो तर सायबानं विचारलं असतं, बाकीच्या कुणी लिहिल्या. तुला उभं केलं असतं. घरच्या खुणंचं जनावर मी बाजारात उभं करू?”

“आन नागेश?” मी विचारलं.

“त्यो चुकार हाय,” आबा म्हणाले. “चुकाराला मारत न्हाईत. त्याला त्याची खूण आठवली तर येईल.”

मी लई रडले नागेश, पदर तोंडात घालून. आबांनी मला रडू दिलं. आयुष्यात हा माणूस एकदाच खोटं बोलला, सत्तरी ओलांडल्यावर, धुतलेलं धोतर नेसून, सरकारपुढं. ते तुझ्यासाठी आन माझ्यासाठी.

आता बघ, गाठ कशी बसलीय. मी आज इंदापूरला जाऊन खरं सांगितलं तर आबा खोटे ठरतात. आन आबांचा सबूद हे एकच आता त्यांच्याकडं उरलंय. म्हणून मी मरेपातूर गप्प. आबा तर गप्पच हाईत. राहिलास तू. तू माझं नाव न घेता, आबाचं नाव न घेता सांगू शकतोस, की चिठ्ठ्या मी न तपासता घेतल्या, नकाशा माझा चुकला. एवढंच. पण तू सांगणार न्हाईस, मला ठावं हाय. सांगायचं असतं तर दिवाळीच्या आधी सांगितलं असतंस. पुढच्या पुरात पल्याडच्या ओढ्यात परत काठ्या चालतील, आन इकडं रिकाम्या मळ्यावर तुझा बोर्ड राखण करंल.

दोरा मी चुलीत घातला न्हाय. ह्या पाकिटात घातलाय. तुझ्या टेबलावर ठेव, सायेब लोकांनी विचारलं तर सांग, गावाकडचं काहीतरी हाय.

आन एक कर. तितल्या दर्यावर एखादी बाई पदराला पट्ट्या बांधून तुझ्याकडं येईल, सगळ्या एकाच जागंच्या म्हणंल. तिला परत विचार. दोनदा विचार, तीनदा विचार. मला तू एकदाच विचारलं हुतंस.

आक्का